खणाच्या झाकणाची बिजागरी

मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. वर्षभराची डागडुजी तेवढ्यातच उरकायची. मामाची बोट तेव्हा आंजर्ल्याच्या खाडीत ओढून ठेवलेली असते. यंदा मी सुट्टी काढून गेलो, आणि मामाने पहिलंच काम सांगितलं, “खणाच्या झाकणाच्या बिजागऱ्या बघ रे, फार हलतंय ते.”

खण म्हणजे डेकखालची बर्फाची आणि मासळीची कोठी. झाकण सागाचं, दोघांनी उचलायचं. गेल्या हंगामात ते तिरकं होऊन एका खलाशाच्या बोटांवर आलं होतं. त्याचा सुजलेला हात मी पाहिला होता, त्यामुळे हे काम माझ्या डोक्यात घट्ट बसलं.

स्क्रू आवळले की झालं, असं मला वाटलं. पहिलाच फिरवला तर त्याचं डोकं तुटून हातात आलं. आतला धातू गुलाबी आणि ठिसूळ. पितळ असं दिसतं का कधी? “खाऱ्या पाण्याने त्यातलं जस्त खाल्लं,” मामा म्हणाला, “उरलं ते तांबं.” पिन ठोकून काढली. ती लोखंडी होती, टोकांना जाड आणि मधे कमरेसारखी बारीक. पितळ आणि लोखंड समुद्राच्या पाण्यात एकत्र राहिली की लोखंड झिजतं. त्यात दोन वर्षं झाकण आपटत राहिलं, तेव्हा बिजागरीच्या नळीचं गोल भोकही लांबट झालेलं. नुसती नवी पिन घालून भागणार नव्हतं. नवी बिजागरीच हवी.

दापोलीच्या दुकानदाराने विचारलं, “स्टेनलेस स्टील ३०४ की ३१६?” मी गप्प. मग खिशातलं चुंबक काढून दोन्हींना लावलं. दोन्हींना चिकटलं नाही. शेवटी मामाला फोन केला. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खारं पाणी ते जास्त सोसतं, आणि चुंबकाने हा फरक कळत नाही, हे त्याच्याकडूनच समजलं. पिनसकट सगळं ३१६चं घेतलं.

खरं काम लाकडात होतं. जुन्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी मुरून साग आत ओला आणि मऊ झाला होता. ताडपत्री बांधली, तिच्याखाली दिवा लावून दोन दिवस लाकूड वाळवलं. मग गिरमिटाने भोकं मोठी केली, त्यांत घट्ट इपॉक्सी भरली, ती कडक झाल्यावर मधोमध नव्या स्क्रूसाठी बारीक भोकं पाडायची. पण सकाळी इपॉक्सीवर तेलकट, चिकट थर! सगळी फुकट गेली, असं वाटून मी खाली बसलो. मामाने ओल्या फडक्याने थर पुसला, पॉलिश पेपर मारला. पावसाळी हवेत असं होतं, पाण्याने धुतलं की निघतं.

बिजागऱ्या बसवल्या, आणि झाकण अर्ध्यावर अडकलं. दोन्ही मी वेगवेगळ्या मोजून बसवल्या होत्या. त्यांच्या पिनांची रेघ एक नव्हती, म्हणून बिजागऱ्या एकमेकींशी भांडत होत्या. मामाने एक सरळ, लांब सळई मागितली. ती दोन्ही बिजागऱ्यांच्या नळ्यांतून आरपार घातली आणि तशीच ठेवून स्क्रू मारायला लावले. मग सळई काढून पिना घातल्या. झाकण असं हलकं उघडलं की मी ते चार वेळा उघडलं नि मिटलं.

बादलीभर पाणी वरून ओतून आम्ही टॉर्च घेऊन खणात उतरलो. झाकणाच्या तीन कडा कोरड्या होत्या. बिजागऱ्यांच्या कडेला पाण्याची बारीक धार दिसली. नव्या बिजागऱ्यांची पानं जाड आहेत, तिकडे झाकण उचललं गेलं आहे, झाकणाखालचं रबर दबत नाही.

“लाकडात पानाएवढी खाच घ्यावी लागेल,” मामा म्हणाला आणि पटाशीला धार लावायला बसला. मी पुन्हा पहिला स्क्रू सोडवायला घेतला.