१९ मार्चचा उपास

आमच्या घरी वर्षातला मोठा दुखवटा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पाळला जायचा. घाटंजीहून सकाळच्या एसटीने आम्ही यवतमाळच्या चर्चमध्ये जायचो. बारा ते तीन उपासना. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं. चौथ्यापाशीच आम्हा पोरांच्या पोटात कावळे ओरडू लागत. आई मात्र डब्याला हात लावू द्यायची नाही. "आज नाही," एवढंच म्हणायची. मरणाचा दिवस उपाशी राहून पाळतात, हे मला आधी पोटाने शिकवलं, धर्मशिक्षणाने नंतर.

पुढे आमच्या उपासनांत आणखी तारखा आल्या. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बोळवून झोपलेल्या किल्लारी परिसरातली गावं पहाटे चारच्या सुमारास दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्याच्या वर्षदिनी पाळकसाहेबांनी बायबलातलं विलापगीत वाचायला घेतलं. मग १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप, टिमथी ही त्यांची मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. स्टेन्स बारीपाद्याला कुष्ठरुग्णांची सेवा करत. ती सेवा काय असते, हे आनंदवनाच्या शेजारच्या आमच्या जिल्ह्याला वेगळं सांगावं लागत नाही. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, त्यावर त्या वर्षी कितीतरी प्रवचनं झाली.

आमच्या जिल्ह्याची तारीख मात्र चर्चच्या बाहेरून आली. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला पवनारजवळच्या दत्तपूरला पत्नी मालती आणि चार मुलांसह जीवन संपवलं. शेतकरी म्हणून जगणं अशक्य झालंय, असं त्यांनी मागे लिहून ठेवलं. २०१७ पासून अमर हबीब आणि किसानपुत्र आंदोलनाचे लोक या दिवशी अन्नत्याग करतात. सीलिंग, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे कायदे रद्द करा म्हणतात. कायद्यांविषयी मतं वेगळी असू शकतात. उपाशी राहून माणसांची आठवण ठेवणं मला तरी लहानपणापासून ओळखीचं.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा नवरा कापसाच्या कर्जापायी असाच गेला. एका रविवारी मला चर्चहून येताना पाहून त्या म्हणाल्या, "तुमच्या तिथं मेलेल्याईचं नाव घेतेत म्हनते. आमच्या मानसाचं घेतीन का?" आमच्या पंथात प्रार्थना मेलेल्यांसाठी नसते, मागे राहिलेल्यांसाठी असते. पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी पुढच्या रविवारी आधी त्या माणसाचं नाव घेतलं, मग काकूंसाठी प्रार्थना केली.

ईस्टरची तारीख दरवर्षी मागेपुढे होते, तरी १९ मार्च त्याआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातच पडतो. म्हणून त्या दिवशी मी दोन्ही उपास एकत्र करतो आणि बायबलातल्या जखऱ्या संदेष्ट्याचा सातवा अध्याय काढतो. यरुशलेमचं मंदिर पडल्यावर लोक सत्तर वर्षं त्याच्या स्मृतीला उपास करत होते. हा उपास पुढे चालवायचा का, असं विचारायला बेथेलहून माणसं आली. त्यांना थेट हो-नाही मिळालं नाही. उलट प्रश्न आला, उपास केलात तो देवासाठी का? आणि मग आज्ञा आली: न्यायाने वागा, विधवा, अनाथ, परका आणि गरीब यांच्यावर जुलूम करू नका.

स्मृतिदिनाच्या उपासाची याहून कडक परीक्षा मला ठाऊक नाही. दोन मिनिटं उभं राहणं सोपं, एक जेवण सोडणंही सोपं. अवघड असतं ते दुसऱ्या दिवशीचं काम. येत्या १९ मार्चला जमलं तर उपास करा. पण २० तारखेला गावातल्या त्या काकूंसारख्या एखाद्या बाईसोबत तलाठ्याकडे नक्की जा आणि सातबाऱ्यावर तिचं नाव चढलंय की नाही, ते बघून या.