मेख कुठे रोवावी? : परळीच्या माळावरून

परळी वैजनाथ म्हटले की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले, रुंद दगडी पायऱ्यांचे वैद्यनाथ मंदिर. दुसरी, औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या. बाहेरगावचा माणूस या दोन्ही पाहतो आणि पुढच्या गाडीने निघून जातो. गावाभोवतीचा बालाघाटाचा माळ मात्र पाहायचा राहून जातो. पावसाळ्यानंतर या माळावर गुडघाभर गवत डुलते, उन्हाळ्यात तोच माळ उघडाबोडका होतो. संध्याकाळी त्याच्या कडेला उभे राहिले तर खाली काळी शेते, मध्ये वस्ती, चिमण्या आणि त्यामागे मावळतीचे आकाश असा सारा पट एका नजरेत मावतो.

आपल्या घरातल्या अल्बममध्ये हा माळ कुठे आहे? निकाहाचे, अकिक्याचे, हजला निघालेल्या आजी-आजोबांचे फोटो असतात. पण ज्या मातीत आपण वाढलो तिचा एकही धड फोटो सापडत नाही. सजीवांच्या चित्रांबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. डोंगर, झाडे, पाणी आणि आकाश यांच्याबाबत मात्र ती अडचण येत नाही. अल्लाहची ही निर्मिती पाहावी, तिच्यावर विचार करावा, हे तर आपल्याला वारंवार सांगितले गेले आहे.

अशा फोटोची खरी वेळ सूर्य उगवण्याआधीची आणि मावळल्यानंतरची. तेव्हा उजेड कमी असतो, म्हणून कॅमेऱ्याचे झाकण अर्धा सेकंद, एक सेकंद, कधी त्याहूनही जास्त उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात कॅमेरा केसभर जरी हलला तरी डोंगराची कड पुसट होते. हाताने हे जमत नाही, ट्रायपॉड लागतोच. आणि ट्रायपॉड कितीही महाग असला तरी शेवटी तो उभा राहतो त्याच्या पायांवर.

बाजारातल्या बहुतेक ट्रायपॉडच्या पायांना रबरी टोप्या असतात. घरातल्या फरशीवर त्या उत्तम. परळीच्या माळावर मात्र वर सुटा मुरूम आणि खाली घट्ट जमीन. रबरी पाय त्या सुट्या खड्यांवर तरंगतो आणि वाऱ्याची झुळूक आली की हळूच सरकतो. गवतावर तो दबतो आणि पुन्हा वर येतो. अशा ठिकाणी रबराऐवजी पोलादी टोके लावतात. त्यांना आपण मेखा म्हणू. मेख सुटा थर भेदून खालच्या घट्ट जमिनीत शिरते आणि पाय जागचा हलत नाही. काही ट्रायपॉडमध्ये रबर फिरवून वर घेतले की आतली मेख बाहेर येते. काहींत रबर काढून मेख आट्यांवर बसवावी लागते.

ही युक्ती नवी नाही. शेताची मोजणी करणाऱ्यांची तिपाई आठवा. तिच्या पायांना लोखंडी टोके असतात आणि बुटाने दाबून ती जमिनीत रोवता यावीत म्हणून बाजूला पट्टी असते. मोजणीच्या विद्येत आपल्या एका पूर्वसुरीचे नाव मोठे आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची महासर्वेक्षण मोहीम चालू होती. तिच्या अत्यंत नाजूक यंत्रांची देखभाल अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन करीत. पुढे यंत्रनिर्मात्याचे पदही त्यांच्याकडे आले. सूक्ष्म मापाला आधी स्थिर पाया हवा, हे त्या मोहिमेतल्या प्रत्येकाला पाठ होते. कुरआनात सूरह नबामध्ये पर्वतांना मेखांची उपमा दिली आहे. तिथला ‘औताद’ हा शब्द तंबूच्या खुंट्यांसाठी वापरला जातो. माळावर वाऱ्यात उभे राहिले की ती उपमा किती नेमकी आहे हे उमगते.

पण मेख लावली म्हणजे काम झाले, असे नाही. परळीच्या परिसरात चार कोसांत जमीन चार तऱ्हा दाखवते आणि प्रत्येकीची रीत निराळी आहे.

मुरमाड माळ ही मेखेची हक्काची जागा. तिन्ही पाय पुरते फाकवून एकेक पाय वरून दाबावा. मग मधल्या दांड्याला पिशवी अडकवावी, पण ती झोके घेणार नाही अशी, जमिनीला टेकलेली.

काळी माती फसवी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तेव्हा मेख भेगेत न घालता ढेकळाच्या घट्ट भागात रोवावी. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि मऊ होते. मेख सहज आत जाते, पण धरून राहत नाही, कॅमेरा हळूहळू खचत जातो. तिथे प्रत्येक पायाखाली फळीचा तुकडा किंवा चपटा दगड ठेवावा. शिवाय ते कुणाचे तरी रान असते. पेरणी झालेली असो वा नसो, मालकाला विचारल्याशिवाय बांधाच्या आत पाऊल टाकू नये.

काळ्या कातळावर मेख घसरते. खाचेत किंवा भोकात टोक नीट बसले तर ठीक, नाहीतर सरळ रबरी पाय लावावेत.

चौथी तऱ्हा राखेची. वीज केंद्राचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. तेव्हापासून परळीच्या हवेत आणि रस्त्याकडेच्या धुळीत राख आहे. राखेच्या थरात मेखही टिकत नाही आणि रबरही. राखेच्या तळ्याकडे तर मुळीच जाऊ नये. वरून वाळलेला पापुद्रा आतून दलदल असू शकतो. फोटो दुरूनच घ्यावा आणि नाकातोंडाला रुमाल बांधावा.

जिथे मेख अजिबात लावायची नाही अशाही जागा आहेत. मशिदीचे सहन, दर्ग्याचा चौथरा, मंदिराच्या पायऱ्या, जुन्या वाड्याची ओसरी, घरातली शहाबादी फरशी. पोलादाचा ओरखडा दगडावर कायमचा राहतो. कब्रस्तानात तर कबरींच्या मातीत काही रोवण्याचा विचारही करू नये. आपला पाय घट्ट राहावा म्हणून दुसऱ्याच्या अमानतीला इजा करणे कुठल्याही कलेत बसत नाही.

मेखा विकत न मिळाल्या तरी अडत नाही. ट्रायपॉडचा एक पाय सोबत घेऊन लेथवाल्याकडे जावे. आटे पाव इंची, तीन-अष्टमांश इंची, असे वेगवेगळे असतात, म्हणून तोंडी माप सांगू नये. न गंजणाऱ्या पोलादाची तीन टोके तो करून देतो. घरी आणल्यावर टोकांना जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे चढवावेत आणि ट्रायपॉड लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

या साऱ्याचा कस लागतो तो चंद्रदर्शनाच्या संध्याकाळी. नवी चंद्रकोर सूर्यास्तानंतर तासाभराच्या आसपास मावळते आणि मगरिबची वेळही तीच. घाई करण्याचे कारण नाही. सूर्य बुडण्याआधी मेखा रोवून कॅमेरा मावळतीकडे लावून ठेवावा, मग तिथेच माळावर जमातीने नमाज अदा करावी. घट्ट रोवलेला ट्रायपॉड तेवढा वेळ एकटा उभा राहतो. नमाज होईपर्यंत आकाश गडद होते आणि कोर अधिक उठून दिसते. फक्त एक लक्षात ठेवावे: चंद्र सुमारे दोन मिनिटांत आपल्या रुंदीइतका सरकतो. दूरचे जवळ आणणारी लेन्स असेल तर झाकण एक सेकंदापेक्षा जास्त उघडे ठेवू नये, नाहीतर ट्रायपॉड स्थिर असूनही कोर पसरते. बटण दाबण्याचा धक्का टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा. मोबाइललाही हीच रीत लागू पडते.

एकच जागा धरून वर्षानुवर्षे फोटो काढत राहिले तर त्याचे मोल आणखी वाढते. २०१३च्या दुष्काळात गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचे पाणी आटले आणि वीज केंद्राचे संच बंद पडले. परळी शहराला पाणी देणाऱ्या नागापूरच्या वाण धरणाचा काठही कधी भरलेला, कधी कोरडा असतो. तो फरक आपण सांगतो, पण पोरांना दाखवायला आपल्याकडे काही नसते. काठापासून दूर, घट्ट जमिनीवर एक जागा ठरवावी. जवळचा मोठा दगड खूण म्हणून ध्यानात ठेवावा, ट्रायपॉडची उंची वहीत लिहावी. दरवर्षी १ मे आणि १ ऑक्टोबरला तिथूनच फोटो घ्यावा. पुण्यात शिकणाऱ्या मुलीला आणि आखातात नोकरी करणाऱ्या मुलाला तो पाठवावा.

याच्या जोडीला ईदच्या दिवशीचाही एक फोटो असावा. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद दरवर्षी थोडी अलीकडे सरकते. सुमारे तेहतीस वर्षांत ती उन्हाळा, हिवाळा, पावसाळा असे सारे ऋतू फिरून येते. आज ज्या मुलाच्या हातात पहिल्यांदा कॅमेरा द्याल, त्याच्या मुलांच्या हाती तोवर परळीच्या माळाचे सगळे रंग आलेले असतील, इन्शाअल्लाह.