शेवाळ राखावे, पण काढतही जावे

फिश टँकच्या काचेवर शेवाळ धरले की लोक म्हणतात, "घाण झाली, खरवडून टाका." आम्ही मात्र मागच्या काचेवरचे शेवाळ मुद्दाम राखतो. मासा मेला की मुले जेवत नाहीत आणि महागडी यंत्रे आमच्या पगारात बसत नाहीत.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. तो साचला तर त्यांच्याच जिवावर उठतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. शेवाळ अमोनिया आणि नायट्रेट शोषून वाढते. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांना शेवाळाने पाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीचे पेटंट १९८२ साली मिळाले.

पण खरी मेख पुढेच आहे. शोषलेला मळ शेवाळातच राहतो. ते टँकमध्ये कुजले तर तो पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणून दर रविवारी आमची मुलगी थोडे शेवाळ काढून गुलाबाच्या कुंडीत घालते. थोडे पाणीही आम्ही बदलतो.

दिवसा उजेडात शेवाळ प्राणवायू देते, रात्री मात्र स्वतःच घेते. तेव्हा मासे मोजकेच ठेवावेत आणि हवेचा पंप रात्री बंद करू नये. चार पैसे विजेचे जातील, पण मुके जीव वाचतील.