गाडीला उत्तर देणारी चावी

गाडीच्या चावीवर जे काळं प्लास्टिक असतं ना, त्याच्या आत एक चिप असते. तिला बॅटरी नाही, वायर नाही, चार्जिंग नाही. तरीही आपण चावी लावून फिरवली की ती गाडीचा प्रश्न ऐकते, गणित करते आणि उत्तर पाठवते! इंजिनानं पहिला श्वास घ्यायच्या आत हे सगळं उरकलेलं असतं. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय, एसटीत शेजारी बसलेल्यालाही सोडत नाही.

मला हे कळलं दिघीत. श्रीवर्धन तालुक्याच्या उत्तर टोकावर हे गाव. समोर मुरूड तालुक्यातलं आगरदांडा, मधे राजपुरीची खाडी, खाडीच्या तोंडाशी जंजिरा. आमची ताई दिघीत राहते. मुरूडकडून तिच्याकडे जायचं तर आगरदांड्याला गाडी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, चढवायची, खाडी पार करायची आणि दिघीला उतरवायची. नाहीतर म्हसळ्याकडून मोठा वळसा. बोटीत इंजिन बंद ठेवावं लागतं. दिघी आली, पुढचा लोखंडी रॅम्प खाली पडला, की सगळ्यांनी एका दमात गाड्या चालू करून बाहेर पडायचं.

आणि नेमकी तिथेच भाऊजींची गाडी बसायची. रोज नाही, कधीतरी. सेल्फ जोरात फिरायचा, इंजिन क्षणभर घुर्र करायचं आणि गप्प. मागे हॉर्न, बोटीवरची पोरं धक्का मारायला धावतात, रॅम्पवरून गाडी ढकलून धक्क्यावर आणतात, भाऊजी घाम पुसत पुन्हा चावी लावतात आणि गाडी अशी सुरू होते की जणू काही झालंच नाही! शहरातल्या एका वर्कशॉपनं पंप बघितला, फिल्टर बदलला, बॅटरी नवी घातली. त्यांच्याकडे गाडी दर वेळी चालू व्हायची, मग ते बिचारे शोधणार तरी काय? धक्का मारूनही ती कधी चालू झाली नाही, ही गोष्ट मात्र महत्त्वाची होती आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

बोर्लीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं लक्ष गेलं. बॉनेट उघडायच्या आधीच त्यानं विचारलं, "चालू होत नाय तेव्हा मीटरमधला तांबडा दिवा बघितलात का?" स्पीडोमीटरच्या कोपऱ्यात एक इवलंसं चित्र आहे, गाडी आणि तिच्यावर कुलूप. एरवी चावी फिरवली की ते लागतं आणि विझतं. आमची गाडी बसायची तेव्हा मात्र ते लुकलुकत असायचं. "दादा, गाडी बिघडलेली नाय," तो म्हणाला, "ती तुम्हाला ओळखत नाय."

मग त्यानं चावीचं कडं हातात घेतलं. त्यात या गाडीची चावी, शेजारीच घरातल्या दुसऱ्या गाडीची चावी, आणि वर एक जाडजूड पोलादी ओपनर. त्यानं आमची चावी कड्यातून सोडवली, एकटी लावली. गाडी चालू! पुन्हा कड्यात ओवली, दुसरी चावी मुद्दाम लॉकपाशी टेकवून धरली. इंजिन घुर्र करून बंद, दिवा लुकलुकतोय! पुन्हा एकटी, चालू. मी अक्षरशः ओरडलो. इतके दिवस ज्याला आम्ही लहर म्हणत होतो, ते त्यानं हवं तेव्हा घडवून दाखवलं आणि हवं तेव्हा थांबवून दाखवलं!

आता आतली गंमत ऐका. चावी जिथे खुपसतो त्या लॉकभोवती तांब्याच्या तारेची एक कॉइल गुंडाळलेली असते. चावी फिरवली की गाडी त्या कॉइलमधून वीज सोडते, बहुतेक गाड्यांत सेकंदाला सव्वा लाख आवर्तनांनी, म्हणजे १२५ किलोहर्ट्झवर. त्या बदलत्या चुंबकी क्षेत्रानं चावीतल्या नखाएवढ्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर चिप जागी होते. मायकेल फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व, शाळेत आपण घोकलेलं, आणि ते दिघीच्या धक्क्यावर आपल्या खिशात आहे! पल्ला जेमतेम काही सेंटीमीटरचा. त्या टप्प्यात दोन चिपा आल्या की दोघीही एकदम उत्तर देतात आणि गाडीला कुणाचंच धड ऐकू येत नाही. वर पोलादी ओपनर असला तर तो क्षेत्राचा काही भाग गिळतो. बोटीत गाडी हलते, कडं झुलतं. दुसरी चावी कधी लॉकजवळ येते, कधी लांब जाते. एवढंच कारण!

आणि उत्तर कसलं? पूर्वीच्या चिपा एक ठरलेला आकडा सांगायच्या. नंतरच्या गाड्या दर वेळी नवाच आकडा चावीकडे फेकतात. चावी आपल्या पोटातल्या गुप्त आकड्याशी त्याचं गणित करते आणि फक्त निकाल कळवते. गाडीनंही तेच गणित केलेलं असतं. निकाल जुळला तर इंजिनाच्या कॉम्प्युटरला पेट्रोल आणि ठिणगी सोडत राहायची मुभा. समोरच्या जंजिऱ्याच्या दारावर असा पहारेकरी कल्पून बघा, जो दर रात्री नवं कोडं घालतो आणि मूळ गुपित कधीच मोठ्यानं उच्चारू देत नाही! म्हणून तर धक्का मारून काही होत नाही. चाकं इंजिन फिरवतील, पण पेट्रोल कोण सोडणार? नाक्यावर नुसती कोरून घेतलेली चावी दार उघडते, सेल्फ फिरवते आणि इंजिन दोन सेकंदांत बंद पडतं, तेही याचमुळे.

मग मी मागचं वाचत गेलो. १९८६ च्या कोर्व्हेट गाडीत जनरल मोटर्सनं चावीच्या पात्यावरच एक छोटा रेझिस्टर बसवला होता. त्याच्या शक्य किमती अवघ्या १५. गाडी ती मोजून बघायची. रोज घासून पात्यावरचा तो संपर्क झिजला की गाडी कधी ओळखायची, कधी नाही. म्हणजे हा आजार या यंत्रणेइतकाच जुना! पुढे बिनसंपर्काची चिप आली. १९९८ पासून युरोपीय संघात नव्या गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे ओळख न पटल्यास इंजिन रोखणारी ही यंत्रणा, सक्तीचा झाला, कॅनडात २००७ मध्ये. अमेरिकेत सक्ती नव्हती. तिथे ज्या ह्युंदाई आणि किया गाड्यांत तो बसवलेला नव्हता, त्या २०२१ नंतर इतक्या सर्रास चोरीला गेल्या की कंपन्यांना २०२३ मध्ये लाखो गाड्यांसाठी सॉफ्टवेअरमधून उपाय काढावा लागला. म्हणून, "यंत्रणाच बायपास करून देतो, कटकट मिटेल" असं कुणी म्हणालं तर माझं मत स्पष्ट आहे: अजिबात करू नये.

खरी मजा पुढेच आहे. चावी सुटी केल्यावर भाऊजींची गाडी छान चालली, आणि मग एका कोंदट पावसाळी सकाळी पुन्हा तोच दिवा. चावी एकटी होती! या वेळी इलेक्ट्रिशियननं बॅटरीवर मल्टिमीटर लावला: उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, ठणठणीत. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनाच्या धातूला टेकवलं आणि भाऊजींना सेल्फ मारायला सांगितलं. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला की अर्थिंग खराब. आमचा आकडा त्याच्या कितीतरी वर गेला. अर्थिंगची पट्टी जिथे बॉडीला बोल्टनं कसलेली असते तिथे खाली बघितलं तर हिरवागार कळंक! समुद्रावरचं खारं दव धातूवर बसतं, मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि दोन वेगळ्या धातूंच्या सांध्याला आतून खातं. ऊन असलं की सांधा कसाबसा चालतो, दमट हवेत दगा देतो. सेल्फ शेकडो अँपिअर ओढायला लागला की त्या सांध्यावर व्होल्ट सांडतात, आणि नेमक्या त्याच क्षणी इमोबिलायझरला नीट वीज हवी असते. त्यानं बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू चकचकीत घासल्या, कसून आवळलं, वरून व्हॅसलीन. मग लॉकच्या कॉइलचा प्लग काढून त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. स्कॅनर लावला तर आतमध्ये पी०५१३ हा कोड, म्हणजे "चावी ओळखली नाही", कधीपासून लिहूनच ठेवलेला होता. गाडी सांगत होती हो, विचारत कुणी नव्हतं!

दिघी, वेळास, आदगाव, दिवेआगर या पट्ट्यात गाडी बाळगणाऱ्यांनी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर हा सांधा एकदा उघडून बघावाच. बाहेरून बसवलेल्या अलार्मच्या वायरींचे टेप गुंडाळलेले जोडही त्याच वेळी बघून घ्यावेत. खारी हवा त्यांनाही सोडत नाही.

बटण दाबून चालू होणारी गाडी असेल आणि रिमोटची बॅटरी संपली असेल तर घाबरू नका. बहुतेक रिमोटमध्ये तीच बिनबॅटरीची चिपही असते. रिमोट स्टार्ट बटणाला टेकवा, किंवा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी धरा, आणि बटण दाबा. ही जागा आजच शोधून ठेवा. चावीची गाडी असेल तर आज संध्याकाळी एवढं करा: चावी कड्यातून सुटी काढा, फिरवा, कुलपाचा दिवा विझतो का ते बघा. कपाटातली दुसरी चावी काढून तिच्यावरही गाडी एकदा चालू करून बघा. आणि आगरदांड्याला बोटीत चढताना घरातल्या दोन गाड्यांच्या चाव्या एका कड्यात ठेवू नका.