मंगळवेढ्याच्या पाच वाट्या

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा हे ज्वारीचे कोठार म्हणून ओळखले जाते. पावसाळ्यात मुरलेल्या ओलाव्यावर येथील काळ्या जमिनीत रब्बीची मालदांडी ज्वारी पोसते; २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही लाभले. दुष्काळात सरकारी कोठारे रयतेसाठी खुली करणाऱ्या संत दामाजीपंतांचे हे गाव. येथील एका पाककला स्पर्धेत परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. वृद्धांना मानवेल असे पाच पदार्थांचे भोजन करावे, अशी स्पर्धेची अट होती आणि चव घेणाऱ्यांत गावातील काही आजी-आजोबाही होते.

काही ताटे दिसायला देखणी होती. परंतु मीठ, तेल, तिखट असे सारेच वगळल्यामुळे ती अर्धी तशीच परतली. एका गृहिणीच्या पाचही वाट्या मात्र रिकाम्या झाल्या.

पहिल्या वाटीत ताक, लसूण व जिरे घातलेली ज्वारीची आंबील होती. उतारवयात तहान कमी जाणवते. अशा पातळ पदार्थातून पोटात पाणी सहज जाते. दुसऱ्या वाटीत रश्श्यात मऊ शिजलेल्या हुलग्याच्या शेंगोळ्या होत्या. हुलगा प्रथिनांनी समृद्ध. १०० ग्रॅममध्ये सुमारे २० ग्रॅमहून अधिक. तिसरी वाटी तूरडाळ घातलेल्या अंबाडीची. तिच्या अंगच्या आंबटपणामुळे मीठ निम्मे घालूनही भाजी अळणी लागत नव्हती. चौथ्या वाटीत आमटीत कुस्करलेली भाकरी आणि दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी. कोरडी चटणी वृद्धांच्या घशाला चिकटते, याचे भान करणारीने ठेवले होते. शेवटी घट्ट दह्यात डाळिंबाचा रस. कवळीखाली अडकणारे दाणे तिने गाळून टाकले होते.

कवळी लावलेल्या एका आजींना मी विचारले, “आजी, एवढं पथ्याचं जेवण आवडलं कसं?” त्या म्हणाल्या, “डॉक्टर, पथ्याचं म्हणून येगळं ताट मांडलं, की घास उतरत न्हाई. हे तर समद्या घराचं जेवण हाय.”

त्यांच्या बोलण्यात वैद्यकीय तथ्य आहे. वयानुसार चव व गंध मंदावतात; त्यात पथ्याचा अतिरेक झाला की आहार घटतो, वजन उतरते, स्नायू क्षीण होतात आणि तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे दररोज सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, असे तज्ज्ञ सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. मधुमेहींनीही, ज्वारी पथ्याची म्हणून भाकरीचे माप सोडू नये.

घरी पाच पदार्थ एकाच वेळी करण्याची गरज नाही. तेच दिवसभरात थोडे थोडे, मऊ करून, पाच वेळा द्यावेत. मीठ कमी करताना लिंबू, कोकम, लसूण, जिरे यांचा हात सैल ठेवावा. घरातील वृद्धांचे महिन्यातून एकदा वजन करावे. ते कारणावाचून घटत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. आणि शक्य तेथे सर्वांची भाजी कमी मिठाची करून, त्यांचे ताट आपल्याच पंगतीत मांडावे.