खारे वारे, मतलई वारे आणि एक यंत्र

शाळेच्या भूगोलात ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ अशी एक जोडी असते. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर निवते म्हणून तो उलट दिशेने जातो. शिडाच्या होड्यांच्या काळात कोकणातले मच्छीमार पहाटेच्या मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत येत. माझी पत्नी मालवणची. हे तिने पुस्तकातून नव्हे, तर मामांच्या होडीत बसून शिकलेले. मी देशावरचा असल्यामुळे मला मात्र परीक्षेतल्या आकृतीपुरतेच ठाऊक. तरीही निसर्गाने ही सोय करून ठेवलेली आहे, असा एक विश्वास त्या आकृतीतून माझ्याही मनात रुजला होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीक उपसागरात, जुलै महिन्यात तो टिकत नाही.

हा उपसागर सुमारे तीनशे वीस किलोमीटर लांब आणि विलक्षण उथळ आहे. सरासरी खोली सहा-सात मीटर. एवढे उथळ पाणी उन्हाळ्यात सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत तापते आणि रात्रीही फारसे निवत नाही. जमीन आणि पाणी यांच्या तापमानात फरकच उरला नाही तर वाऱ्याने वाहायचे कशासाठी? दक्षिणेकडून आलेली दमट हवा तशीच साचून राहते. अशा रात्री फायबरग्लासच्या बोटीच्या केबिनमध्ये निजणे म्हणजे दिवसभर उन्हात तापलेल्या हंड्यात निजणे.

आमची बोट पिअर्सन कंपनीने १९७८ साली बांधलेली, तीस फुटी, एका डोलकाठीची. कंपनी पुढे बंद पडली. बोटी मात्र टिकल्या. त्या काळी काचतंतूंवर बांधणाऱ्यांचा पुरता भरवसा बसलेला नव्हता, म्हणून त्यांनी बोटींचे तळ गरजेपेक्षा जाड केले, असे जुने लोक सांगतात. डेक मात्र दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा घालून केलेला असतो. त्यात कुठे भोक पाडले आणि ते नीट बंद केले नाही, तर पाणी शिरून गाभा आतल्या आत कुजतो. उष्णतारोधक अस्तर म्हणाल तर कुठेच नाही. थोडक्यात, ज्या वस्तूवर आम्ही वातानुकूलन यंत्र चढवायला निघालो होतो, ती त्याच्या कल्पनेपासूनही दूर राहून बांधलेली होती.

मला स्वतःला ही कल्पना मान्य नव्हती. शिडाची बोट घ्यायची आणि तिच्यात एसी बसवायचा, यात काहीतरी अशोभनीय आहे असे मला वाटे. या वाटण्याची मुळे शोधत गेलो तेव्हा ती बरीचशी वाचनात सापडली. समुद्रावरच्या साहित्यात उकाडा, निर्वात आणि तहान या चारित्र्याच्या कसोट्या असतात. कॉनरॅडच्या १९१७ सालच्या ‘द शॅडो-लाइन’मध्ये सयामच्या आखातात वारा पडतो, खलाशी तापाने फणफणतात आणि तरुण कप्तान त्यातून प्रौढ होऊन बाहेर येतो. कादंबरी थोर आहे, यात वाद नाही. पण त्या थोरवीत एक गृहीत दडलेले आहे: कसोटीला उतरणारा देह मुळात धडधाकट असतो. तापलेल्या खलाशांकडे आपण कप्तानाच्या डोळ्यांनी पाहतो, आणि कप्तानाला ताप येत नाही.

पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. या विकारात मज्जातंतूंवरचे आवरण जागोजागी झिजते आणि उघड्या पडलेल्या तंतूंतून संदेश जेमतेम पोचतात. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने जरी वाढले तरी तेही अडखळू लागतात. दृष्टी धूसर होते, पाय जड होतात, हातातली दोरी सुटते. व्यायामानंतर अशा रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे विल्हेल्म ऊट्‌होफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली नोंदवले होते. ही घटना आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. उष्णतेने कायमची हानी होत नाही, शरीर निवले की सारे पूर्ववत होते, असा दिलासा डॉक्टर देतात आणि तो खराही आहे. पण त्यासाठी शरीर निवावे लागते. केबिनमध्ये ते रात्रभर निवत नसे, आणि आमच्या दोघांत सुकाणू खऱ्या अर्थाने जाणणारी तीच होती. एका उन्हाळ्यानंतर आमच्यापुढे दोनच मार्ग होते: बोट विकणे किंवा ती थंड करणे. मी शिडाच्या शांततेविषयी काहीबाही बोलत होतो, तेव्हा ती म्हणाली, “मला थंड हवेची हौस नाहीये रे. सकाळी उठल्यावर पाय माझे असायला हवेत, एवढंच.” त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

तसे पाहिले तर बोटीत हवा खेळती ठेवण्याची धडपड फार जुनी आहे. शिडाच्याच कापडाचे नळकांडे करून ते डेकवरून खाली सोडायचे आणि वारा आत ओढायचा, ही युक्ती अठराव्या शतकातल्या जहाजांवर रूढ होती. पुढच्या झडपेवर आम्ही लावतो ते कापडी सूप तिचेच वंशज. १९३० साली बांधलेल्या ‘दोराद’ या शर्यतीच्या बोटीवर याहून सुबक उपाय योजला गेला. वाऱ्याचे तोंड आणि केबिनमध्ये उतरणारी नळी एका पेटीत एकमेकींपासून दूर ठेवलेली; लाटेचे पाणी पेटीत पडून बाजूच्या छिद्रांतून निघून जाते, हवा तेवढी खाली उतरते. जगभरच्या बोटींवर या पेटीला अजून ‘दोराद’च म्हणतात. वाङ्मयात एखाद्या रचनाप्रकाराला त्याच्या पहिल्या कृतीचे नाव मिळावे, तसाच हा प्रकार. पण कापडी सूप काय किंवा दोराद काय, दोघेही वाऱ्याचे आश्रित. वारा नसेल तर त्यांचे काही चालत नाही.

पर्यायांचा शोध सुरू झाला. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घराच्या खिडकीत बसवतात तसले यंत्र केबिनच्या दारात अडकवणे. धक्क्यावर असे कितीतरी जण करतात, आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. ते उत्तम चालते. आम्ही ते नाकारले ते दिसण्यासाठी नव्हे. केबिनचे ते मुख्य दार आहे. ते अडले की बाहेर पडायला उरते फक्त पुढच्या टोकाची छतातली झडप, आणि आग लागली असताना पायांनी साथ दिली नाही तर तिथून चढून जायचे कसे? चाकांवरचे, एका नळीने गरम हवा बाहेर टाकणारे यंत्रही पाहिले. ते जेवढी हवा बाहेर फेकते तेवढीच दमट हवा फटींतून आत ओढून घेते. उरले ते बोटींसाठीच बनवलेले, समुद्राच्या पाण्याने निवणारे यंत्र. त्याचा कॉम्प्रेसर आणि हवा थंड करणारी जाळी बाकाखाली मावेल एवढ्या चौकटीत असतात. आतली उष्णता तांबे-निकेलच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्याला दिली जाते आणि ते पाणी बाहेर सोडले जाते.

किती क्षमतेचे घ्यायचे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नव्हता. यंत्रे ‘बीटीयू’त मोजतात आणि बारा हजार बीटीयू म्हणजे एक ‘टन’. हा टन कुठून आला? बर्फातून. अमेरिकी मापाचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तिचा ताशी हिशेब बारा हजार बीटीयू होतो. १८३३ साली ‘टस्कनी’ हे जहाज बोस्टनच्या तळ्यांतला बर्फ कलकत्त्याला घेऊन आले होते. त्या व्यापाराचा लोप होऊन शतक उलटून गेले, पण गारवा अजून त्याच्याच मापाने मोजला जातो. आम्ही केबिनच्या क्षेत्रफळावरून दहा हजारांचे यंत्र निवडले. दिवसभर चालवले तर सुमारे साडेसातशे किलो बर्फाचे काम. सोळा हजारांचे घ्या, असा आग्रह करणारे भेटलेच. पण गरजेपेक्षा मोठे यंत्र हवा झटकन थंड करते आणि थांबते. हवेतले पाणी जाळीवर जमून निथळायला लागणारा वेळ त्याला मिळत नाही. मग केबिन थंड आणि ओली राहते, म्हणजे बुरशीला आयतेच आमंत्रण.

बुरशीचा विषय आमच्या घरी नाजूक आहे, कारण बोटीत एक पुस्तकांचे फडताळ होते. दर ऑक्टोबरात त्यातल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर करडी लव दिसायची. वातानुकूलन हे मुळात माणसांसाठी नव्हे, तर कागदासाठी जन्मले, हे मला याच काळात कळले. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे-आकसे आणि रंगीत छपाईचे एकावर एक येणारे ठसे जुळत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. रुग्णांसाठी गारवा हवा, हा विचार त्याहूनही आधीचा. फ्लोरिडातल्या ॲपलॅचिकोला या कापसाच्या बंदरात जॉन गोरी नावाच्या डॉक्टराने तापाच्या रुग्णांच्या खोल्या निववण्याच्या खटपटीतून बर्फ करणारे यंत्र बनवले आणि १८५१ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे भांडवल मिळाले नाही आणि तो विपन्नावस्थेत वारला. चैनीची म्हणून मी ज्या वस्तूकडे पाहत होतो, तिच्या वंशावळीत चैन बरीच उशिरा येते.

गंमत अशी की पुस्तकांना वाचवणाऱ्या या यंत्राने पहिला घास फडताळाचाच घेतला. थंड हवेची नळी पंधरा सेंटीमीटर जाड. ती न्यायला फडताळाच्या मागच्या जागेखेरीज वाट नव्हती. निम्मी पुस्तके घरी आली. यंत्र कुठे बसवायचे यावरही इंजिनाने मर्यादा घातली. आमचे ‘ॲटॉमिक फोर’ इंजिन पेट्रोलवर चालते, आणि पेट्रोलच्या वाफा जिथे साचू शकतात तिथे ठिणगी उडू शकणारे कोणतेही उपकरण चालत नाही. शिवाय यंत्राने हवा ओढायची ती केबिनमधलीच. इंजिनाकडची नव्हे, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड थेट उशाशी येईल. म्हणून ते पुढच्या बिछान्याखाली गेले.

एप्रिलमध्ये बोट पाण्याबाहेर काढून तळाला भोक पाडले. ज्या वस्तूचे एकमेव कर्तव्य पाणी बाहेर ठेवणे हे आहे, तिच्यात आपल्या हाताने भोक पाडताना हात थांबतो. निघालेली चकती जवळजवळ दोन सेंटीमीटर जाड होती, काचतंतू मधासारखे पिवळसर. तिथे काशाची तोटी बसवली. पितळेची नव्हे, खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त विरघळून जाते आणि उरलेला धातू बिस्किटासारखा मोडतो. पंप पाण्याच्या पातळीखाली, कारण तो स्वतःहून पाणी वर ओढून घेत नाही. त्यापासून यंत्रापर्यंतची नळी सतत चढती, कुठेही हेलकावा नाही, नाहीतर हवेचा बुडबुडा अडकून प्रवाह थांबतो.

विजेचे काम मी एका जाणकाराकडून करवून घेतले. धक्क्यावरच्या तीस अँपिअरच्या जोडणीत यंत्र आठ-नऊ अँपिअर खाते; पाणी तापवायचा बंब आणखी बारा. दोन्ही एकत्र सुरू असताना कॉफीचे भांडे लावायचे नाही. याच कामात एक विलक्षण गोष्ट समजली. धक्क्याच्या वीजजोडणीतल्या अर्थिंगच्या तारेने सगळ्या बोटी एकमेकींशी जोडलेल्या असतात, आणि समुद्राच्या पाण्यात त्यांची मिळून एक मोठी बॅटरी तयार होते. गंज आपल्या धातूंना लागू नये म्हणून आपण बोटीला जस्ताचा तुकडा लावतो. तो शेजाऱ्याच्या बोटीतले धातू वाचवण्यातच झिजून जाऊ शकतो. हा प्रवाह अडवणारे एक लहानसे उपकरण तारेत बसवावे लागते.

आणि नांगर टाकून एखाद्या निवांत खाडीत राहायचे असेल तर? हिशेब करून पाहिला. एका रात्रीला सुमारे पाच किलोवॅट-तास. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटले, तर अशा आठ-नऊ बॅटऱ्या, म्हणजे अडीचशे किलो वजन. ते आम्ही सोडून दिले. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसा शीड, रात्री धक्का. खाडीतल्या रात्री मे महिन्यात आणि सप्टेंबरअखेरीनंतर. हे नुकसान आहे, आणि त्याला दुसरे नाव देण्याचे कारण नाही.

शुद्धतेबद्दलची माझी कुरकुर याच उपसागराने बरीचशी मोडून काढली. इथे ‘स्किपजॅक’ नावाच्या शिडाच्या बोटींनी कालवे खरवडून काढतात. मेरिलंडमध्ये शीड टिकले ते काव्यामुळे नव्हे, तर कालवे संपू नयेत म्हणून १८६५ साली केलेल्या कायद्यामुळे. आणि १९६७ मध्ये त्या कायद्यानेच आठवड्यातून दोन दिवस मोटारीच्या पडावाने ढकलण्याची मुभा दिली. वल्हवणाऱ्यांना, शीड ओढणाऱ्यांना सोय मिळाली तर ती घेतात. नाके मुरडतो तो काठावर उभा असलेला वाचक.

पहिल्या उन्हाळ्यात यंत्र तीनदा बंद पडले; तिन्ही वेळा कारण एकच. जुलैमध्ये इथे जेलीफिश येतात, पारदर्शक, दुधी, आणि पंपाच्या गाळणीत त्यांचा लगदा होऊन बसतो. तेव्हापासून रोज सकाळी तोटी बंद करून गाळणी धुणे हे पत्नीने आपल्याकडे घेतले आहे. हातमोजे घालायचे, कारण मेलेल्या जेलीफिशचेही तंतू डसतात. हे काम बोटांच्या टोकांचे आहे, आणि ज्या दिवशी ती गाळणीचे झाकण न विचारता स्वतः फिरवून काढते, त्या दिवशी आम्ही धक्का सोडतो. नोव्हेंबरात नळ्यांत पाणी गोठून तांबे-निकेल फुटू नये म्हणून उलटे करावे लागते: पंपाला बादलीतले गोठणरोधक द्रव पाजायचे. मी खाली बिछान्यापाशी बटणावर असतो, ती धक्क्यावर उभी राहून बोटीच्या कडेच्या छिद्राकडे पाहते, आणि पाण्याला गुलाबी रंग आला की ओरडून सांगते.