सव्विसाव्या ओळीतली सही

अंबरनाथ पूर्व,
रविवार, दुपार

चि. छकुली,

पालकांच्या त्या अर्जाचा फोटो तुझ्या आईने मला पाठवला. सव्विसाव्या ओळीत तुझी सही. शेवटचा तो तिरका फराटा ओळखायला मला चष्मा लागला नाही, पाटीवर तुझा हात धरून मीच गिरवून घेतला होता तो. पाचवीच्या मुलींना पाळीबद्दल, शरीराबद्दल दोन तास शिकवणार, म्हणून तुम्ही शाळेला लिहून दिलंत की हे वय नाही. मला वाईट वाटलं गं, आणि रागही आला. तूही रागाव हवं तर, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

20 ऑगस्ट 2024 ला कुठे होतीस तू? ऑफिसला म्हणून निघालीस आणि शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराविरुद्ध बदलापूर स्टेशनात रुळांवर जाऊन बसलीस. संध्याकाळपर्यंत गाड्या बंद, मग लाठीमार, तुझा फोन लागेना, आणि एका स्टेशनाच्या अंतरावर मी टीव्हीसमोर देवाचा धावा करत बसलेली. रात्री बसलेल्या आवाजात तू एवढंच म्हणालीस, ‘आत्या, चार वर्षांच्या पोरी गं!’ तुझा अभिमान वाटला होता मला. आजही वाटतो. पण ते प्रकरण उघडकीला आलं कशामुळे, याचा विचार केलास का? लेकराने घरी सांगितलं आणि घरच्यांनी खरं मानलं म्हणून. पुढे एफआयआरसाठी त्या आईबापांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. लेकरू बोललं नसतं तर त्या दारापर्यंतही कुणी गेलं नसतं.

आणि बोलायला शब्द हवेत. मी हे वर्षानुवर्षं सांगते आहे, तुम्हाला ते माझं वेड वाटतं, वाटू दे. आपल्या घरांत कोपराला नाव आहे, घोट्याला आहे, करंगळीला आहे. मधल्या भागाचं नाव काय, तर ‘तिथे’. ‘शूची जागा’. डॉक्टर विचारतात कुठे दुखतं, आणि पोर आईकडे बघते. नर्सिंग होममध्ये सव्वीस वर्षं मी ते बघणं बघितलं आहे. पुढे तीच पोर बाई होते, अंगावरून पांढरं जात असतं, गाठ लागत असते, आणि ती ‘कंबर दुखते’ म्हणून गोळी मागते.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका मुलीचं मी तुला कधी सांगितलं नाही. पंधरा वर्षांची, जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची. जंत झालेत म्हणून आईने आणली. पोटावर हात ठेवला आणि मला कळलं. वीस आठवडे उलटून गेले होते, तेव्हाच्या कायद्यात डॉक्टरांचे हात बांधलेले. आईला मी विचारलं, पाळी चुकली हे लक्षात नाही आलं? ती म्हणाली, ‘आमच्यात मायलेकी असलं बोलत नाहीत.’ पुढे कुणाकडे तरी नेऊन काडी घातली. आठ दिवसांनी रात्री परत आणली तेव्हा अंग भट्टीसारखं तापलेलं. मोठ्या दवाखान्यात हलवली. जगली ती. पिशवी काढावी लागली. ते बाळ कुणाचं, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि खरं सांगू, कुणी तिला नीट विचारलंही नाही. सगळे फक्त ओरडले.

गर्भपाताचा कायदा 1971 चा. त्याआधी ज्यांची समिती बसली ते शांतिलाल शाह आपल्याच राज्याचे आरोग्यमंत्री. पोट पाडायला चोरून जाणाऱ्या बाया मरतात, हे त्या समितीने ओळखलं होतं. पन्नास वर्षांनी, 2021 मध्ये, काही बायकांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर गेली. अल्पवयीन मुलगीही त्यात आली. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने बिनलग्नाच्या बाईलाही तो हक्क दिला. पॉक्सो कायद्याखाली डॉक्टरने पोलिसांना कळवणं भाग आहे, पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव उघड करायला नको, हेही त्याच निकालात आहे. इतकं सगळं झालं आहे गं! पण आपल्याला काय झालंय हेच जिला सांगता येत नाही, तिला पंचविसाव्या आठवड्यात या कायद्याचा काय उपयोग?

तू म्हणशील, शिकवल्याने मुलं बिघडतात. हे रघुनाथराव कर्व्यांनाही ऐकवलं होतं. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी काढलं. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. मालतीबाई पाठीशी उभ्या राहिल्या. जुलै 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, तेही पदरमोड करून. लोक पत्रातून प्रश्न विचारत, ते उत्तर देत, आणि त्या उत्तरांवरच 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच, दोनशे रुपये. आणि 2007 मध्ये, कर्व्यांच्याच महाराष्ट्रात, पुस्तकातल्या चित्रांवरून गदारोळ होऊन शाळांमधलं लैंगिक शिक्षण बंद केलं. तेव्हा शाळेत असलेली मुलं आज आईबाप आहेत. अर्जावर त्यांच्यातल्याही सह्या असतील.

अर्जात तुम्ही फक्त मुलींचं लिहिलंत. मुलग्यांचं काय? बदलापूरच्या सुनावणीत उच्च न्यायालयानेही मुलग्यांना शिकवायला हवं असं सांगितलं. ते सगळं मोबाइलवर बघतात, आणि ते बघून जे शिकतात त्याला तुमच्या अर्जात एकही ओळ नाही. नवरामंडळीचीही हीच तऱ्हा. कॅम्पातल्या, बदलापूरच्या किती बायका तांबी बसवून घ्यायला सासूला ‘बाजारात जाऊन येते’ सांगून यायच्या! निरोध फुकट वाटायला ठेवलेला असायचा, त्याला हात लावायला पुरुष तयार नाहीत. ऑपरेशन बाईचंच. आपल्या अक्काचं चौथ्या खेपेला काय झालं ते तू आणि मी पाहिलं आहे. पुन्हा लिहीत नाही.

आणि तू! त्या जूनमध्ये, शिवमंदिराच्या यात्रेतून आणलेला तो पिवळा फ्रॉक. मागच्या खोलीत दाराला कडी लावून रडत होतीस, मला कॅन्सर झाला म्हणालीस. बारा वर्षांची होतीस. वहिनीने तुला काहीच सांगितलं नव्हतं, तिला तिच्या आईने सांगितलं नव्हतं. कागदावर चित्र काढून मी तुला सगळं समजावलं, पिशवी, अंडं, महिन्याचा हिशोब. तू डोळे पुसून विचारलंस, ‘हे आधी का नाही सांगितलं कुणी?’ मला वाटलं होतं, हिच्या लेकीच्या वेळी असं होणार नाही.

तुझ्या चिमीला दहा वर्षं पूर्ण झाली. हल्ली पाळी नवव्या-दहाव्या वर्षीही येते, ‘हे वय नाही’ असं तुम्ही कुणाला सांगताय? शाळेत आली तर ती काय करेल? रिक्षावाले काका, जिन्यातला मुलगा, क्लासचे सर, कुणी काही म्हणालं, कुणी हात लावला, तर कुठल्या शब्दांत सांगेल तुला? तू ऑफिसातून आठला येतेस. दुपारी घरात ती आणि तो टॅब.

खरं तर या पत्राचं कारण तेच आहे. गुरुवारी तिचा मला फोन आला होता. तिने काहीतरी विचारलं. काय ते इथे लिहीत नाही, तिने माझ्याकडून शब्द घेतला आहे. जमलं तसं मी उत्तर दिलं, पण फोनवर पुरेसं झालं नाही. ठेवताना हळूच म्हणाली, ‘आत्याआजी, आईला सांगू नकोस हं.’

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. उद्या सुट्टी टाक. सकाळच्या गाडीने तिला घेऊन ये.

तुझी,
आत्या